वांग्याचा टँकर

सरांकडं ग्राफिक डिझाइन शिकायला गेले त्या दिवशी पहिला धडा जिन्यातच झाला. वरच्या पायरीवर खडूनं एक सरळ रेघ मारलेली होती आणि त्या रेघेला टाचा लावून नऊ जोड चपला उभ्या होत्या. मी माझ्या कुठंतरी बाजूला काढल्या आणि आत जायला निघाले. तेवढ्यात आतून एक उंच, वाळका, पन्नाशीचा माणूस आला. शर्टाच्या कॉलरमध्ये मागून एक फुटाची स्टीलची पट्टी खोचलेली. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. चपलांकडं बघितलं.

"बाई, तुमची चप्पल बेसलाइनच्या खाली गेली."

मी पायानं सरकवली.

"आता वर गेली."

मी वाकून हातानं सरळ केली. ते तीन पावलं मागं गेले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "हां, बसली. अलाइनमेंट झाली तुमची. उद्या या, पुढचं सांगतो."

आणि खरंच त्या दिवशी त्यांनी मला दुसरं काही शिकवलं नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या उदगीरला रेल्वेनं नुसती माणसंच यायची. सरांचा क्लास मोंढ्यात, एका सरकी-पेंडीच्या दुकानावर होता. चार कॉम्प्युटर, त्यातले दोन चालू. बी. ए. करून घरी बसले होते, फोटोशॉप आलं तर फ्लेक्सच्या दुकानात तरी काम मिळेल म्हणून मी गेले होते. उन्हाळ्यात दिवसाचे सहा तास लाइट नसायची. सर तेव्हा फरशीवर ज्वारीचे आणि तुरीचे दाणे पसरून शिकवायचे. मूठभर ज्वारी एका जागी ओतायची, एक तुरीचा दाणा लांब ठेवायचा आणि विचारायचं, "नजर कुठं गेली?" आम्ही म्हणायचो, तुरीवर. "काहून? तूर काय सोन्याची हाय का? तिच्या भोवती जागा हाय, म्हणून. याला व्हाइट स्पेस म्हणत्यात. मोकळी जागा दिसली की लोकांना वाटतं वाया गेली. अरे, अंगण काय वाया गेलेलं घर असतं का?"

सर मूळचे कंधारचे. तिथं बोर्ड रंगवायचे. कॉम्प्युटर शिकले चाळिशीनंतर, पण जे शिकले ते सगळं आधी ब्रशनं शिकलेलं होतं. अक्षरांची त्यांना धास्ती होती आणि तिचं कारण ते दरवर्षी नव्या मुलांना सांगायचे. कंधारच्या स्टँडसमोरच्या एका खानावळीचा बोर्ड त्यांनी विसाव्या वर्षी रंगवला होता, ‘घरगुती खाना’. अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून ‘ख’चे दोन तुकडे जरा लांब पडले. बसमधून उतरलेली माणसं ‘घरगुती रवाना’ वाचायची आणि हसत शेजारच्या हॉटेलात जायची. आठ दिवसांनी मालकानं सरांना बोलावून घेतलं, पोटभर जेवू घातलं आणि मग विचारलं, "माझं गिऱ्हाईक कुठं रवाना केलास, बाबा?"

"तवापासून कर्निंग शिकलो," सर म्हणायचे. "कर्निंग म्हणजे दोन अक्षरांतली सोयरीक. लई जवळ आले तर भांडत्यात, लई लांब गेले तर लोकं काहीबाही बोलत्यात."

त्यांचा हा डोळा कुठंही बंद व्हायचा नाही. लग्नाच्या पंगतीत कुणाचं पान अर्धी वीत पुढं आलं असलं तर सर घास हातात धरून त्याला मागं सरकायला लावायचे. आमच्या गल्लीत एक म्हातारे वकील वारले, तेव्हा सरही भेटायला आले होते. बायका रडत होत्या, समोर हार घातलेला फोटो. सर उठले, फोटोजवळ गेले, दोन्ही हातांनी तो जरासा उजवीकडं कलता केला, मागं आले, एक डोळा मिटून बघितलं, पुन्हा गेले, हार बोटभर सरकवला आणि हात जोडून खाली बसले. वकिलांचा मुलगा पुढं कितीतरी दिवस सांगत होता, "बाबांवर फार श्रद्धा होती हो त्यांची, दोनदा पाया पडले." सरांनी मला जिन्यात हळूच सांगितलं, "दीड अंशानं कलला व्हता, बाई. माझ्यानं बसवंना."

त्या काळात उदगीर जिल्हा होणार, अशी हूल दर तीन महिन्यांनी उठायची. पंधरा ऑगस्ट आला की उठायची, सव्वीस जानेवारी आली की उठायची. दुकानदार नव्या पाट्या करायला यायचे आणि पत्त्यात ‘जि. उदगीर’ लिहा म्हणायचे. सर लिहायचे नाहीत. ‘जि. लातूर’ही लिहायचे नाहीत, उद्या खरंच जिल्हा झाला तर पुन्हा रंग कोण देणार म्हणून. ते ‘ता. उदगीर, जि.’ एवढं लिहायचे आणि पुढं बरोबर चार अक्षरं मावतील एवढी जागा सोडायचे. गिऱ्हाईक विचारायचं, "हे काय, सर?" तर म्हणायचे, "प्लेसहोल्डर. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत न्हाईत का? तसं. रुमाल टाकलाय. माणूस आला की बसंल." मोंढ्यात अशा रुमाल टाकलेल्या पाट्या अजून आहेत.

क्लासात दाराशी पोत्यावर एक बाई बसलेली असायची. सरांची थोरली बहीण, आक्का. तिचा बाजारात भाजीचा ठेला होता, पण त्या वर्षी भाजीच येत नव्हती, म्हणून ती दिवसभर आमच्याकडं येऊन बसायची. तिला अक्षरओळख नव्हती. सरांच्या मते हीच तिची सगळ्यात मोठी पदवी. आम्ही काहीही बनवलं की ते आधी आक्कासमोर धरायचं. आक्का डोळे बारीक करून बघायची आणि निकाल द्यायची. मी माझं पहिलं पोस्टर मोठ्या हौसेनं केलं होतं, एका कापडदुकानाचं, सात रंग, चार प्रकारची अक्षरं.

"काय दिसायलंय, आक्का?" सरांनी विचारलं.

"पोरीचा पदर गाडीच्या चाकात गेलाय," आक्का म्हणाली.

ते पोस्टर मी तिथंच फाडलं.

मोबाइलचे ॲप कसे करतात हेही सर वर्तमानपत्राच्या पानावर पेन्सिलीनं चौकोन काढून शिकवायचे. कोपऱ्यात तीन आडव्या रेघा असतात, त्या दाबल्या की यादी उघडते, त्याला पुस्तकात हॅम्बर्गर मेनू म्हटलं होतं. उदगीरात तेव्हा हॅम्बर्गर कुणी पाहिला नव्हता. सरांनी पुस्तक बंद केलं आणि विचारलं, "तीन आडवे पट्टे आपण रोज कुठं बघतो?" मोंढ्यातल्या निम्म्या व्यापाऱ्यांच्या कपाळावर ते होते. मग आमच्या क्लासात त्याचं नाव ‘विभूती’ पडलं. फीडबॅकला ते हुंकारा म्हणायचे. "गोष्ट सांगताना समोरचा ‘हं’ म्हणतो का न्हाई? बटन दाबलं की मशिननं ‘हं’ म्हणलं पायजे. न्हाईतर माणूस खामखा पुन्हा पुन्हा दाबून परेशान." पुढं पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये मी म्हणून गेले, "विभूती डावीकडं घेऊ आणि हुंकारा जरा लवकर देऊ." शेजारच्यानं वहीत ‘विभूती’ लिहून पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

तर, त्या उन्हाळ्यात जिल्हा मागणी समितीचे अध्यक्ष आमच्या क्लासात आले. मोंढ्यातले मोठे आडत व्यापारी, सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. अण्णा सरांना ‘सर’ कधी म्हणाले नाहीत, ‘पेंटर’ म्हणायचे. त्यांना मोर्चासाठी फ्लेक्स हवा होता. बरोबर एका लिफाफ्यात समितीच्या एक्केचाळीस सभासदांचे फोटो.

सरांनी फोटो मोजले, फ्लेक्सचं माप विचारलं, कागदावर हिशेब मांडला आणि म्हणाले, "अण्णा, एवढी तोंडं टाकली तर ‘जिल्हा’ शब्द बोराएवढा होतोय. जिल्हा पायजे का फोटो?"

"दोन्ही पायजे," अण्णा म्हणाले.

"हायरार्की म्हणून एक गोष्ट असते. घरात एका वेळी एक माणूस बोलला तर ऐकू येतं. एक्केचाळीस बोलल्यावर…"

"पेंटर, तुमाला फ्लेक्स जमतो का न्हाई तेवढं सांगा."

सरांनी तासाभरात कॉम्प्युटरवर तो जमवला, जसा सांगितला तसा. वर गोल गोल एक्केचाळीस चेहरे, खाली मजकूर. मग स्क्रीन आक्काकडं फिरवला. मला पुढचं कळलं होतं, मी पटकन पाणी आणायला उठले.

"काय दिसायलंय, आक्का?"

आक्कानं डोक्यावरचा पदर नीट केला, हात जोडले आणि म्हणाली, "अगं माय. इतकी माणसं एकदम कशानं गेली?"

अण्णा पाणी न पिताच जिना उतरले. फ्लेक्स दुसऱ्या दुकानातून झाला आणि चौकात लागला. जिल्हा काही झाला नाही.

पण पाण्याचं मात्र अण्णांनी मनावर घेतलं होतं, हे सांगायला पाहिजे. एप्रिलात हापसे कोरडे पडले तेव्हा त्यांनीच व्यापाऱ्यांना गोळा करून आमच्या भागातल्या सात गल्ल्यांसाठी टँकर सुरू केले. रोज एक गल्ली. कुणाचा दिवस कोणता, हे कळावं म्हणून चौकात मोठा फ्लेक्स लावला. आता त्या फ्लेक्सवर काय असणार? वर ‘जाहीर निवेदन’, मग एक्केचाळीस चेहरे, मग मान्यवरांची नावं, आणि अगदी तळाला, पानटपरीच्या छपराआड, मुंगीएवढ्या अक्षरांत वार आणि वेळ.

आक्कानं एका कॉलेजच्या पोराला वाचायला सांगितलं. त्यानं वरून सुरुवात केली. "आदरणीय… मा. श्री…" सातव्या नावाला त्याची बस आली आणि तो गेला. शेजारणीनं सांगितलं, आज मंगळवार, आपलाच असंल. आक्का तीन घागरी घेऊन नाक्यावर जाऊन बसली. सकाळी नऊपासून. टँकर त्या दिवशी तिसऱ्याच गल्लीत होता. दुपारी दोनला कुणीतरी धावत क्लासात आलं, आक्का उन्हात पडली म्हणून.

आम्ही रिक्षातून तिला दवाखान्यात नेलं. सलाइन लावलं. सर तिच्या पायाशी बसले होते. त्या खोलीत भिंतीवरचं कॅलेंडर चांगलंच तिरकं होतं आणि सरांनी ते बघितलंही नाही. तेव्हा मला भीती वाटली.

संध्याकाळी आक्कानं डोळे उघडले. सर म्हणाले, "आक्का, फ्लेक्सवर खाली लिवलं व्हतं गं. बेस्तरवार."

"लिवलं असंल," आक्का म्हणाली. "मला अक्षर दिसत न्हाई, बाबा. मला वांगं दिसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला फक्त शिडी धरायला बोलावलं. हातात पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा. चौकातल्या फ्लेक्सवर चढून त्यांनी एकेका चेहऱ्यावरून ब्रश फिरवायला सुरुवात केली. खाली गर्दी जमली. कुणी म्हणालं, पेंटरला ऊन लागलं. सरांनी एक्केचाळीस सभासद, निवेदन, मान्यवर सगळे पांढरे केले आणि त्या पांढऱ्यावर सात भाज्या काढल्या. वांगं, भेंडी, टमाटा, मिरची, कांदा, कारलं आणि भोपळा. प्रत्येकीपुढं वार आणि एक घड्याळाचं तोंड, काटे दाखवून. मग पुढचे दोन दिवस आम्ही दोघांनी गल्लीगल्लीच्या तोंडाशी भिंतीवर ती ती भाजी रंगवली, आणि पत्र्याच्या सात पाट्या करून टँकरच्या ड्रायव्हरला दिल्या, की ज्या गल्लीचा दिवस तिची पाटी पुढं लटकव. ड्रायव्हर खूश झाला. त्यालाही वाचता येत नव्हतं आणि हे तो आतापर्यंत कुणाला सांगत नव्हता.

पुढच्या गुरुवारी सकाळी पोरं ओरडत गल्लीत आली, "वांग्याचा टँकर आला! वांग्याचा टँकर आला!" आक्का घागरी घेऊन सगळ्यांत पुढं.

तक्रारी आल्याच. कारल्याच्या गल्लीतल्या बायका जिना चढून वर आल्या. "सर, आमी काय कडू हाव का?" सर शांतपणे म्हणाले, "शुगरला कारल्यासारखं दुसरं काही न्हाई." त्या गल्लीत घरोघर शुगर होती. बायकांनी एकमेकींकडं बघितलं आणि गेल्या.

मग अण्णा आले. त्यांच्या गल्लीला भोपळा होता.

"पेंटर! आधी तोंडाला चुना फासलास, ते मी गिळलं. म्हणलं जाऊ दे, लोकांना पानी मिळायलंय. पन वर भोपळा दिलास? भोपळा म्हणजे शून्य! मोंढ्यात मला लोकं विचारायलेत, अण्णा, किती मार्क पडले?"

"मग काय काढू, अण्णा?"

"आंबा."

"आंबा बसत न्हाई. बाकी सगळ्या भाज्या हायत. कन्सिस्टन्सी बिघडती."

"ती कोन?"

"कन्सिस्टन्सी. एकसारखेपणा. आज तुमाला आंबा दिला की उद्या कोणी मोर मागंल, परवा वाघ. मग लोकांना आपलं चित्र कळायचं न्हाई."

अण्णा उभे राहिले. कपाळावरची विभूती घामानं ओली झाली होती. "टँकर कुणाचे हायत, पेंटर?"

"तुमचे."

"आंबा झाला न्हाई तर उद्यापासून बंद."

ते गेले. मी सरांना म्हटलं, सर, काढून टाका आंबा, काय जातंय? सर ऐकेनात. पट्टी कॉलरमधून काढून मांडीवर ठेवून बसले. मी म्हटलं, लोक तहानलेत. ते म्हणाले, "मला दिसत न्हाई का, बाई? पन एकदा चिन्ह बिघडलं की आक्का पुन्हा चुकीच्या दिवशी नाक्यावर बसंल."

सकाळी टँकर आला नाही. मिरचीच्या गल्लीचा दिवस होता. दहाच्या सुमाराला मिरचीच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन थेट क्लासात आल्या. चपला जिनाभर कशाही पडल्या, रेघेवर एक नाही. कुणी भांडलं नाही, नुसत्या घागरी फरशीवर ठेवून बसल्या. ज्वारीच्या दाण्यांवरच बसल्या. सर भिंतीकडं तोंड करून उभे. माझा हात ब्रशाकडं गेला, म्हटलं आपणच जाऊन आंबा काढावा, पुढचं पुढं.

तेव्हा पोत्यावरून आक्का बोलली. "कशाला तंडायलास रे? कैरीची भाजी करत्यात की."

सर वळले.

"मी ठेल्यावर कैरी कशात लावते? भाजीतच लावते ना? हिरवा काढ."

सरांनी डबा उचलला. बायका त्यांच्या मागं, मी शिडी घेऊन त्यांच्याही मागं. अण्णांच्या गल्लीच्या तोंडाशी भोपळ्यावर पांढरा हात मारला आणि त्यावर एक कैरी काढली, देठाला एक पान असलेली, इतकी सुरेख की तोंडाला पाणी सुटावं. अण्णा घराच्या ओट्यावर येऊन बघत होते.

"आंबा दिला म्हणायचा तुमी," अण्णा म्हणाले. "पन हिरवा काहून?"

सर शिडीवरूनच म्हणाले, "पिकायचा हाय अजून, अण्णा. जिल्ह्यासारखा. जिल्हा झाला की पिवळा करतो."

अण्णांनी कैरीकडं बघितलं, सरांकडं बघितलं. मग असे हसले की दाराची कडी धरावी लागली. आतून फोन मागवला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मिरचीला जा बिगीन. अन् हां, सरांना सांग…" मग लक्षात आलं की सर समोरच शिडीवर आहेत.

पुढं पाऊसपाणी झालं, टँकर थांबले, मला पुण्यात नोकरी लागली. फोनवरच्या एका ॲपचं काम. सरांचा क्लास हळूहळू मोकळा झाला, पोरं मोबाइलवरच शिकायला लागली. सरांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं हे मला आईकडून कळलं, तेही महिन्यानं.

दिवाळीत भेटायला गेले. सर खाटेवर बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला, जणू दुसऱ्या कुणाचा. बोलणं जरा जड झालं होतं, पण बोलत होते.

"काय करायलीस तिथं?"

"एक बटन करतीय, सर."

"एकच?"

"चार महिने झाले."

"कोणतं?"

"‘रद्द करा’."

ते हसतील असं मला वाटलं. हसले नाहीत. "चांगलं काम हाय," म्हणाले. "माणसाला माघार घेता आली पायजे. अन् घेताना लाज वाटू नये, असं कर. दाखव."

मी फोन त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी बराच वेळ स्क्रीन बघितला. एक डोळा मिटला. मग अंगठा लांब करून वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या माझ्या बटनाकडं न्यायला लागले. अंगठा पोचेना. त्यांनी फोन जरा खाली सरकवला, तो हातातून निसटता निसटता राहिला. पुन्हा धरला, पुन्हा अंगठा ताणला. मी मदतीला हात पुढं केला तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. शेवटी फोन खाटेवर ठेवला.

"पोचंना, बाई," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. चपलेबद्दल सांगावं तसं सांगितलं.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी ते बटन खाली आणलं, अंगठ्याखाली. आमचे मॅनेजर येऊन माझ्या मागं उभे राहिले. सगळं ठरलेलं असताना हे का हलवलं, म्हणाले. मी म्हटलं, युजरला पोचत नव्हतं.

"टेस्टिंग केलंत? किती जणांवर?"

"एकावर," मी म्हटलं. "पण त्यांचा डोळा चुकत नाही."